पेलेटची शेगडी रोज सकाळी मध्येच विझते: आधी घड्याळ बघा, मग पंखा उघडा

डिसेंबर लागला की ही तक्रार ठरलेली. एरवी नीट चाललेली पंख्याची शेगडी पहाटे साडेपाचला झकास पेटते, पाणी कोमट होईपर्यंत साथ देते आणि नेमकी तिसऱ्या बादलीच्या वेळी धूर ओकून मान टाकते. मग पंखा बदलला जातो, बॅटरी बदलली जाते, पेलेट (काडीकचरा किंवा भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) देणाऱ्याचा उद्धार होतो. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. पंखा बदलून तात्पुरतं बरं वाटतं, कारण बदलताना शेगडी उघडली जाते आणि आतली राख झटकली जाते. गुण राख झटकण्याचा, श्रेय पंख्याला.

हे सगळं ज्या शेगडीत कोठी भरून पेलेट घालतात, वरून पेटवतात आणि खालचा छोटा पंखा हवा देतो, तिच्याबद्दल आहे. ही हवा दोन वाटांनी जाते. थोडी खालच्या जाळीतून पेलेटच्या थरात शिरते आणि त्यातून धूर, म्हणजे जळणारा वायू, काढते. बाकीची कोठीच्या वरच्या कडेच्या बारीक भोकांतून येते आणि तो वायू जाळते. दिसणारी ज्योत या वरच्या भोकांपाशी असते. आग मात्र थराच्या वरून हळूहळू खाली उतरत जाते आणि मागे कोळसा ठेवते. हे चित्र डोळ्यासमोर ठेवलं तर पुढचं बहुतेक आपोआप कळतं.

विझायची वेळ

तीन दिवस पेटवल्याची आणि विझल्याची वेळ भिंतीवर पेन्सिलने लिहा. तेवढ्यावरून निम्मं निदान होतं.

पेटवल्यावर २ ते ५ मिनिटांत विझत असेल, तर दोष पेटवण्यात किंवा ओलाव्यात. सुरुवातीलाच पंखा पूर्ण सोडला की कोवळी ज्योत फुंकर मारल्यासारखी जाते. वरच्या थरावर नारळाची शेंडी, मूठभर बारीक ढलप्या आणि कापराच्या २-३ वड्या ठेवून पेटवा. पहिली दीड-दोन मिनिटं पंखा बंद किंवा अगदी हळू. वरचे पेलेट सगळीकडून लाल झाले की मगच वाढवा. रॉकेल, पेट्रोल ओतू नका. सॅनिटायझरही नको, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही आणि विझली समजून माणूस बाटली पुन्हा उलटी करतो.

१० ते १५ मिनिटांनी ज्योत मंदावत जाऊन विझत असेल, तर पंखा, वायर, बॅटरी किंवा खालच्या हवेच्या कप्प्यात साठलेली राख यांच्याकडे बघा.

अर्ध्या तासानंतर धूर सुरू होत असेल आणि दर दिवशी ही वेळ थोडी थोडी अलीकडे सरकत असेल, आज ३५ मिनिटं, परवा ३०, पुढच्या आठवड्यात २२, तर जाळी बंद होत चालली आहे. थंडीतल्या बहुतेक तक्रारी या प्रकारच्या असतात. त्यामुळे याच्यावर जास्त लिहितो.

आणि ४०-४५ मिनिटांनी पिवळी ज्योत जाऊन आखूड निळसर ज्योत उरत असेल, धूर नसेल, तर शेगडी विझतच नाहीये. पेलेटमधला वायू संपला, आता कोळसा जळतोय. पुढची १०-१५ मिनिटं ही आच मिळते आणि पाणी गरम ठेवायला ती पुरते. लोक नेमके इथे घाबरतात आणि पुढची चूक करतात.

थंडीत जळण किती जास्त लागतं

चार माणसं, प्रत्येकी १८ लिटरची एक बादली, आंघोळीला ४२ अंशांचं पाणी. एकूण ७२ लिटर. मे महिन्यात टाकीतलं पाणीच २८ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे ते १४ अंशांनी तापवायचं. शिमला ऑफिसच्या, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेच्या, आकड्यात किमान तापमान १० अंशांवर आलं की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पहाटेचं पाणी १८ अंशांच्या आसपास येतं. म्हणजे २४ अंशांनी तापवायचं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. तेव्हा उन्हाळ्यात १,००८ आणि थंडीत १,७२८ किलोकॅलरी.

शेतातल्या काडीकचऱ्याच्या पेलेटमध्ये किलोमागे साधारण ३,८०० किलोकॅलरी धरा. पंख्याच्या शेगडीसाठी भारतीय मानक आयएस १३१५२ किमान ३५ टक्के कार्यक्षमता मागतं. म्हणजे पाण्यात जातात किलोमागे १,३३० किलोकॅलरी. भागाकार केला की मे महिन्यात पाऊण किलो पेलेट आणि डिसेंबरात १ किलो ३०० ग्रॅम. तेही प्रयोगशाळेच्या हिशेबाने. उघड्या गच्चीवर वारं असताना, पातेल्यावर झाकण नसताना दीड किलो पकडलेलं बरं.

आता तुमच्या शेगडीची कोठी किती ग्रॅमची आहे ते बघा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पेलेट मोजून कोठी भरा, वरच्या हवेच्या भोकांच्या दोन-अडीच सेंटिमीटर खाली थांबा. तीच भरण्याची रेघ. बऱ्याच घरगुती कोठ्या किलोभराच्या आतच संपतात. मे महिन्यात जिच्यात सगळ्यांच्या आंघोळी होऊन कोळसा उरायचा, ती डिसेंबरात ३००-४०० ग्रॅमनी कमी पडते. शेगडी बिघडलेली नसते, पाणी गार झालेलं असतं. आणि ही तूट भरून काढायला घरातलं कुणीतरी वरून दोन वाट्या पेलेट ओततं.

वरून ओतलेल्या दोन वाट्या

आग वरून खाली गेलेली आहे, खाली निखाऱ्यांचा लालभडक थर आहे, आणि त्यावर गार पेलेट पडतात. ते खालून एकदम भाजतात आणि धूर एवढा सोडतात की वरच्या भोकांतली हवा तो जाळू शकत नाही. ज्योत दडपली जाते, पांढरट पिवळा दाट धूर उसळतो. काही सेकंदांनी तो भप्पकन पेट घेतो. वाकून बघणाऱ्याच्या भुवया जातात त्या याच क्षणी.

पण खरं नुकसान दिसत नाही, ते खाली होतं. धूर बघून पंखा पूर्ण सोडला जातो. ती हवा जाळीवरच्या निखाऱ्यांना लोहाराच्या भात्यासारखी लागते आणि तिथलं तापमान हजार अंशांच्या घरात जातं. काडीकचऱ्याच्या राखेत पोटॅश आणि वाळूचा अंश असतो. एवढ्या उष्णतेला ते दोन्ही मिळून वितळतात आणि गार झाल्यावर काचेसारखे चिकटून बसतात. बॉयलरवाले याला क्लिंकर म्हणतात, वीटभट्टीवर जास्त भाजलेल्या विटेला म्हणतात तोच शब्द इथेही चालेल: खंगर. पहिल्या दिवशी जाळीची चार-पाच भोकं बुजतात. दुसऱ्या दिवशी खालची हवा कमी, म्हणून आच कमी, म्हणून पाणी उशिरा तापतं, म्हणून पंखा आणखी मोठा आणि वरून आणखी दोन वाट्या. हे चक्र आठ-दहा दिवस फिरलं की शेगडी वीस मिनिटांत मान टाकायला लागते.

उपाय दोन. सर्वांत चांगला म्हणजे दोन खेपा: एक कोठी पूर्ण जळू द्या, निखारे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा, पुन्हा भरून वरून पेटवा. मधे सात-आठ मिनिटं जातात. कोठी उचलून काढता येत असेल तर दुसरी कोठी आदल्या रात्रीच भरून ठेवा, मग दोन मिनिटांत काम होतं. हे जमणार नसेल तर भर घालायची, पण पिवळी ज्योत जोरात असतानाच, एका वेळी मूठभर, म्हणजे ५०-६० ग्रॅम, आणि दोन मुठींत किमान तीन मिनिटांचं अंतर. ज्योत निळी झाली की भर बंद. पंखाही निम्म्यावर आणा. निळ्या ज्योतीच्या वेळी पंखा पूर्ण ठेवणं हेच खंगराचं मुख्य कारण आहे, पेलेट कितीही चांगले असोत.

जाळी कशी साफ करायची

पूर्ण गार झाल्यावरच. गरम असताना पाणी मारून खंगर फुटतो खरा, पण कोठीचा मातीचा किंवा सिरॅमिकचा थर तडकतो आणि लोखंडी जाळी वाकते. कोठी उलटी करून हलक्या हाताने ठोका. जे पडणार नाही ते चपट्या पेचकसाने कडेकडेने उचका. मग जाळी उजेडासमोर धरा. भोकांतून उजेड दिसायला हवा, चाळणीतून दिसतो तसा. दहापैकी दोन-तीन भोकं बुजली तरी फरक जाणवतो.

वरची भोकं लोक विसरतात. त्यांत डांबरट काजळी बसते. सायकलच्या चाकाची जुनी तार घेऊन प्रत्येक भोकातून फिरवा. भोकं मोठी करायच्या भानगडीत पडू नका, वरच्या-खालच्या हवेचं प्रमाण बिघडतं. जाळी वाकली असेल तर कडेच्या फटीतून पेलेट खाली हवेच्या कप्प्यात पडतात, तिथे धुमसतात आणि पंख्याची वायर वितळते. वाकलेली जाळी ठोकून सरळ करण्यापेक्षा ३ मिमी जाडीच्या स्टेनलेस पत्र्याची नवी करून घ्या. जुनी नमुन्याला नेली, तेवढीच भोकं आणि तेवढाच व्यास सांगितला की कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो.

खालचा राखेचा कप्पा दर दोन-तीन पेटवण्यांनंतर रिकामा करा. थंडीत दोन खेपा होत असतील तर रोज.

पेलेटची पारख

रंगावरून काही कळत नाही. काळपट पेलेट म्हणजे वाईट आणि पिवळे म्हणजे चांगले, हा समज दुकानदारांनी पसरवलाय की गिऱ्हाइकांनी, कोण जाणे. पुण्याच्या आसपास मिळणारे पेलेट कधी उसाचं बगॅस किंवा पाचट, कधी भुईमुगाची टरफलं, कधी सोयाबीनचं कुटार, कधी लाकडाचा भुसा आणि बरेचदा या सगळ्याची मिसळ असतात. निव्वळ लाकडाच्या भुशाचे असतील तर राख कमी आणि खंगर जवळजवळ नाही. सोयाबीन आणि पाचट यांत राख जास्त. भाताच्या तुसात तर वजनाच्या १५ ते २० टक्के राखच निघते, तो पेलेट घरगुती शेगडीसाठी घेऊच नये.

घरी करायची चाचणी सोपी आहे. बरोबर १०० ग्रॅम पेलेट पूर्ण पांढरी राख होईपर्यंत जाळा आणि राख तोला. ३ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. ५-६ असेल तर चालेल, जाळी वरचेवर बघावी लागेल. ९-१० असेल तर ते पोतं परत करा. राख बोटांत चुरून बघा: पिठासारखी भुरभुरली तर ठीक, कडक चकचकीत खडे लागले तर ते पेलेट खंगर धरणार. असं पोतं आधीच घरात येऊन पडलं असेल तर निम्मे लाकडाच्या भुशाचे पेलेट मिसळून संपवा.

दुसरी चाचणी पाण्याची. नीट दाबलेला पेलेट पाण्यात बुडतो. तरंगला तर तो भुसभुशीत आहे, पटकन जळून जाईल आणि पोत्यात चुरा करेल. हा चुरा वेगळा त्रास देतो, कारण तो पेलेटमधल्या फटी बुजवतो आणि हवेला वर यायला वाट उरत नाही. पोतं अर्ध्यावर आल्यावर शेगडी बिघडली असं वाटतं, ते बहुधा तळाशी बसलेल्या चुऱ्यामुळे. गव्हाच्या चाळणीतून पेलेट गाळूनच भरा. किलोमागे ५० ग्रॅमपेक्षा जास्त चुरा निघत असेल तर पेलेट देणाऱ्याशी बोलायची वेळ आली.

ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा. थंडीत पाऊस नसतो म्हणून लोक पोतं गच्चीवर उघडं ठेवतात, पण पहाटेचं दव विणलेल्या पोत्यातून आत शिरतं आणि खालची फरशी वेगळी गार असते. पोतं भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर ठेवा. आठवड्याचे पेलेट तेलाच्या झाकणाच्या डब्यात काढून ठेवा. पावसाळ्यातलं उरलेलं पोतं असेल तर दोन दिवस कडक उन्हात पसरा आणि ऊन उतरायच्या आत भरून टाका. संध्याकाळपर्यंत ठेवलं तर मिळवलेलं सगळं परत जातं. फुगून चिरलेले पेलेट वाळवून सुधारत नाहीत.

मोठं पातेलं

थंडीत आणखी एक गोष्ट बदलते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एरवीच्या दहा लिटरच्या पातेल्याऐवजी माळ्यावरचं लग्नातलं तपेलं उतरवलं जातं. त्याचं बूड शेगडीच्या तोंडापेक्षा कितीतरी मोठं आणि वजनही भरपूर, त्यामुळे वरचे टेकू वाकतात. कोठीची कड आणि तपेल्याचं बूड यांत दीड ते दोन सेंटिमीटर मोकळी जागा हवी. ती एका सेंटिमीटरखाली गेली की जळालेल्या वायूला बाहेर पडायला वाट राहत नाही, ज्योत कोंडते, काजळी धरते आणि विझते. पातेलं उचलल्याबरोबर ज्योत पुन्हा उसळत असेल तर दोष इथेच, बाकी काही उघडू नका. मोठ्या भांड्यासाठी तीन विटांवर वेगळी लोखंडी तिवई ठेवा, म्हणजे वजन शेगडीवर येणार नाही. आणि झाकण ठेवा. उघड्या पातेल्याची उष्णता वाफेवाटे जाते, तेवढं जळण फुकट.

पंखा आणि बॅटरी

उदबत्तीचा धूर हवेच्या तोंडाशी धरा. सरळ आत ओढला गेला पाहिजे. पात्यांवर राख बसली असेल तर जुन्या टूथब्रशने साफ करा. पंखा घरघरत असेल तर मागचा कागद सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. १२ व्होल्टची बॅटरी असेल तर पंखा चालू असताना मीटर लावा, ११.५ च्या खाली येत असेल तर ती रिकामी किंवा थकलेली आहे. गारठ्यात बॅटरी तशीही थोडी कमी देते. जवळ प्लग असेल तर १२ व्होल्टचा १ अँपियरचा अॅडॉप्टर लावून प्रश्न मिटवा. हवा वाढावी म्हणून जास्त व्होल्टचा लावू नका.

बंबात पेलेट घालणाऱ्यांसाठी

तांब्याचा बंब पंख्यावर चालत नाही, मधल्या नळीच्या ओढीवर चालतो. त्याच्या जाळीच्या फटी लाकडासाठी केलेल्या, त्यांतून पेलेट खाली गळतात. म्हणून लोक ढीग घालतात, आणि सहा-सात सेंटिमीटरचा दाट ढीग ती बिचारी ओढ कोंडून टाकतो. जाळीवर बसेल अशी ५ मिमी भोकांची उथळ पाटी करून घ्या, तीत पेलेटचा थर तीन-चार सेंटिमीटरच ठेवा. आधी करवंट्या किंवा लाकडाने नळी तापवा, मग पेलेट, दर पाच मिनिटांनी मूठभर. नळीतली काजळी आठवड्यातून एकदा काथ्याच्या ब्रशने काढा. पाणी न भरता पेटवलात तर सांध्याचा डाक सुटेल आणि कसबा पेठेत तांबट आळीची फेरी पडेल.

शेगडी घरात नेण्याबद्दल

पाणी तापल्यावर उरलेल्या निखाऱ्यांसकट शेगडी खोलीत किंवा काचा लावलेल्या गॅलरीत नेऊन शेकत बसायचा मोह होतो. करू नका. विशेषतः निळ्या ज्योतीच्या आणि निखाऱ्यांच्या टप्प्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर निघतो. धूर नसतो, वास नसतो, आणि थंडीमुळे खिडक्या बंद असतात. डोकं जड होणं, मळमळ, अंग गळून झोप येणं ही लक्षणं दिसली की त्या माणसाला लगेच उघड्यावर आणा आणि डॉक्टरांकडे न्या. न्हाणीघरातही शेगडी नको, खिडकी असली तरी. परदेशात खोली तापवायला जे पेलेट स्टोव्ह असतात ते जळलेली हवा बंद नळीने घराबाहेर सोडतात. आपल्या शेगडीला ती नळीच नाही.

निखारे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकून बंद करा, हवा न मिळाल्याने विझतात. डबा रात्रभर तसाच उघड्यावर राहू द्या, लाकडी फळीवर नको. हा कोळसा दुसऱ्या दिवशी बंबात चालतो, शेगडीच्या कोठीत पेलेटखाली मात्र घालू नका, जाळीवर थेट निखारा म्हणजे पुन्हा खंगर. राख कुंड्यांना घालायची तर महिन्यातून एका कुंडीला चमचाभर पुरे. आपल्याकडची काळी माती आधीच अल्कधर्मी असते.